अडचण : काही नाही

प्रभाकर गुप्त्यांचं माहितीपत्रक म्हणजे डोंबिवलीतलं एक प्रस्थच होतं. खाडीतल्या जनीच्या बेटावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरत, आणि बेट राखीव झाल्यापासून आत जायला परवाना लागे. तो ठाण्याच्या कचेरीतून गुप्ते आणत. त्यांच्या पक्षिनिरीक्षण मंडळातून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याआधी दोन पानी पत्रक पडे. कपडे मातकट हवेत, अत्तर नको, ट्रान्झिस्टर नको, केळ्याचं सालसुद्धा परत आणायचं. बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाचं पत्रक ते. त्यात खोट काढायची कोणाची टाप नव्हती.

त्यात फक्त पाणी कधी चढतं हे नव्हतं. गुप्ते तारीख ठरवत रविवार बघून आणि खाडी चालते तिथीवर. तीन वर्षं निभावलं. नव्वदच्या डिसेंबरात मात्र परवान्याचा रविवार अमावास्येच्या तोंडावर आला.

सकाळी आठला अकरा माणसं चिखलातल्या पायवाटेनं बेटावर गेली. साडेदहाला मागे वळून बघतात तो पायवाट गायब, तिवरं अर्धी पाण्यात. मग पत्रकातला 'शांतता राखावी' हा नियम कोणाला आठवतोय! गुप्त्यांनी स्वतः बेंबीच्या देठापासून हाका मारल्या.

त्या हाका खाडीवरच्या दामाजी कोळ्यानं ऐकल्या. राखीव हद्दीत होडी नेली तर जप्त होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो आला. दोन खेपांत सगळ्यांना बांधावर उतरवलं आणि हसून म्हणाला, "साहेब, आज उधान. आमाला इचारायचं तरी!" गुप्ते ओशाळले. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की दुर्बीण बेटावरच राहिली. दामाजी ती आणायला पुन्हा वळला.

मंडळी चालत राखीव हद्दीच्या चौकीवर आली. बाहेर पडताना वहीत सही करायची असे आणि तिथे 'अडचण' असा एक रकाना होता. त्यात काही लिहिलं की मंडळाचा परवाना वर्षभर बंद. गुप्त्यांनी लिहिलं, 'काही नाही.' शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीनं, हेमानं, ते वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. "अगं, पोचलो ना सगळे सुखरूप!" ते म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी दामाजी आणि त्याची बायको चंद्रभागा दारात उभी राहिली. दुर्बीण फडक्यात नीट गुंडाळून आणली होती. तिसऱ्या खेपेला रखवालदारानं होडी धरली होती.

"मी बोललू, मानसा सोडवाया आलेलू. तो बोलतो, वहीत तसा कायच नाय," दामाजी म्हणाला.

"साहेब, होरी नाय तर आमी खायाचा काय?" चंद्रभागा म्हणाली. "उधानाचं चारच दिवस जाल भरतो. तुमी एक शबुद बोला, बास."

"म्हणजे काय! बोलणारच," गुप्ते म्हणाले. आणि ते अगदी मनापासून म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मंगळवारी ठाण्याच्या कचेरीत तिथल्या साहेबांनी चौकीची वही उघडून पुढे सरकवली. "गुप्ते, तुमचं पत्रक आम्ही बाकीच्या मंडळांना नमुना म्हणून दाखवतो. ही सही तुमचीच ना? हा म्हणतो, तुम्ही बुडत होता."

दामाजी हात जोडून भिंतीशी उभा होता. वर्षभराचा परवाना, तीन वर्षांच्या पक्ष्यांच्या नोंदी, डोंबिवलीतलं नाव, सगळं त्या एका रकान्यात अडकलं होतं. खोटं बोलायचं नव्हतं त्यांना. खरं थोडं सैल करून सांगायचं होतं, एवढंच.

"बुडत होतो असं नाही म्हणता येणार," ते म्हणाले. "पाणी होतं थोडं. थांबलो असतो तर ओसरलंही असतं. हा आपणहून आला."

दामाजीनं जोडलेले हात सोडले. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "साहेब, मंग हाका कोनाला मारीत होताव?" त्यानं विचारलं, तेही हळूच. साहेबांनी शेरा मारला, आणि होडी मोसम संपेपर्यंत चौकीतच राहिली.

जानेवारीच्या परवान्यासाठी गुप्त्यांनी पत्रक सुधारायला घेतलं. लाज वाटत होती त्यांना, झोप उडाली होती. निदान पुन्हा असं होऊ नये, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हेमा टाइपरायटरवर बसली आणि ते सांगू लागले, "नवा नियम घाल. निघण्यापूर्वी भरतीची वेळ खाडीवरच्या कोळ्यांना विचारून घ्यावी."

हेमानं अर्धं वाक्य टाइप केलं आणि थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "आता ते सांगतील?"