तिसरी हाक

मेडशीच्या शाळेत मास्तर हजेरी घेत, तेव्हा गोजराचं नाव त्यांच्या तोंडून पुरतं बाहेर पडायच्या आत तिचं 'हजर' छपराला जाऊन धडकलेलं असे. मागच्या रांगेतली पोरं मुद्दाम कानात बोटं घालत. वर्षभरापूर्वी हीच गोजरा चतुराआत्याच्या पदराआड तोंड लपवून रडत उभी होती. आत्यानेच भावाशी अबोला धरून, चुलीवर हट्टाने त्याला नावडती भाजी शिजवून, पोरीला शाळेत घातलं होतं. आता पोरीला आवाज फुटला होता आणि त्या आवाजाला शाळा पुरत नव्हती.

होळी दोन दिवसांवर आली. रंगासाठी पळसाची फुलं वेचायला तिघी दिवस उजाडताच निघाल्या: पुढे आत्या, मधे गोजरा, मागे शेजारच्या मनकर्णाकाकू. पळस चांगला फुलला होता तो तलावाच्या पलीकडच्या काठाला, म्हणजे आधी सागाचं रान पार करायचं, मग पाण्याच्या कडेकडेने अर्धा वळसा घालायचा. रात्री अवकाळी पाऊस पडून गेला होता. त्यामुळे ऐन फागुनात, जेव्हा ऊन पाठ भाजायला लागतं, तेव्हा रानात धुक्याची दाट धुई उतरली होती. एरवी सागाचा पाचोळा पायाखाली पापडासारखा वाजतो. आज तो भिजून मुका झाला होता. आपलीच पावलं आपल्याला ऐकू येत नव्हती. एकही पाखरू बोलत नव्हतं. गोजराने दोनदा मागे वळून पाहिलं, काकू आहेत ना म्हणून.

रानाच्या तोंडाशीच काकूंनी तिला बजावलं होतं. तलावाच्या अंगाला चकवा आहे. तो ओळखीच्या आवाजात नाव घेतो, पण एकदाच. तीनदा हाक मारणं त्याला जमत नाही. म्हणून रानात तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. गावातल्या रामधनने पहिल्याच हाकेला दिली होती, तर रात्रभर तलावाभोवती फिरत राहिला आणि सकाळी कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला.

"त्याले तीनपर्यंत मोजता येत नसन, तं आमच्या शाळेत धाडा," गोजरा म्हणाली.

आत्या खुदकन हसली. पण लगेच म्हणाली, "काकू म्हणते ते आइक मात्र."

पलीकडच्या काठाला पोचल्या तेव्हा धुई इतकी दाटली होती की पळसाचं झाड हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. फुलं तेवढी लाल; बाकी सारं दुधात बुडाल्यासारखं. खाली पडलेल्या फुलांनी गोजराचं फडकं भरत आलं. आत्या म्हणाली की पाण्याजवळचं झाड जास्त लगडलं आहे, तिथली घेऊन आलेच. दहा पावलांत तिचं हिरवं लुगडं पुसून गेलं.

गोजराचं फडकं पुरतं भरलं तरी ती परतली नाही.

आणि मग पाण्याच्या बाजूने हाक आली. "गोजरे."

आवाज आत्याचाच. गोजरा ओ द्यायला तोंड उघडणार, तोच काकूंनी तिचं मनगट धरलं. त्या कुजबुजल्या, "मोज."

दोघी उभ्या राहिल्या. दुसरी हाक आली नाही. आत्या असती तर पुन्हा नसती का बोलावलं तिनं? आणि आत्याच असेल तर? राहवेना तशी तिने स्वतःच जोरात हाक मारली, "आत्या!" धुईने ती गिळून टाकली. पाणी तेवढं कुठेतरी डुचमळलं.

आता तिच्या लक्षात आलं. काकूंचा नियम आत्यालाही ठाऊक होता. आत्याही तिकडे मोजत असेल. गोजराने एकच हाक मारली होती.

शाळेचं छप्पर हादरवणारा सगळा आवाज तिने गोळा केला. "आत्या! आत्या! आत्या!"

"ओ..." खूप खालून, जमिनीतून आल्यासारखं.

आवाजाच्या रोखाने दोघी धावल्या. तलाव आटून मागे सरकला होता आणि त्याने मोकळा सोडलेला गाळ वरून खपली धरलेला, खालून लापशीसारखा. आत्या त्यात छातीपर्यंत रुतली होती. काकूंनी पळसाच्या फांद्या मोडून गाळावर अंथरल्या, लाजबीज सोडून आपल्या नऊवारीचा अर्धा फेर उकलला, आणि त्याचं टोक घेऊन गोजरा फांद्यांवर पालथी सरपटत गेली. आत्याने टोक हाताला गुंडाळलं. दोघींनी ओढलं. किती वेळ ओढलं कुणास ठाऊक. आत्या बाहेर आली तेव्हा गाळाने एक मोठा आवंढा गिळला.

"दुसरी हाक काहून नाही मारली?" गोजरा रडतरडतच भांडायला लागली.

"एक मारली, मंग ध्यानात आलं," आत्या धापा टाकत म्हणाली, "तू धावत येशीन, आन माह्या आंदी तूच बुडशीन. म्हून गप राह्यली. पन तू तीनदा बलावलं, तं ओ निंगूनच गेली तोंडातून."

फुलं तिथेच सांडली होती. ती उचलायला कुणी थांबलं नाही. तिघी एकमेकींचे हात धरून रानाकडे वळल्या. आत्या मधे, तिचा चिखलाने माखलेला हात गोजराच्या हातात. सागाची पहिली झाडं आली, तेवढ्यात मागून, तलावावरून, हाक आली.

"गोजरे."

आवाज आत्याचा. गोजराने आत्याकडे पाहिलं. आत्याचे ओठ मिटलेले होते. डोळे मात्र विस्फारले होते. काकूंनीही ऐकलं होतं, कारण त्या चालता चालता थबकल्या. गोजराने मोजलं. एक. मग फक्त सागाच्या फांद्यांवरून ठिबकणारं पाणी. गावाचा धूर दिसेपर्यंत कुणी मागे पाहिलं नाही.

होळीनंतर शाळा भरली. मास्तरांनी हजेरी काढली, नाव घेतलं, आणि सवयीने पोरांनी कानात बोटं घातली. छपराला काहीच धडकलं नाही. मास्तरांनी पुन्हा नाव घेतलं. गोजरा समोरच बसली होती, ओठ घट्ट मिटून, मांडीवर एकेक बोट दुमडून मोजत. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"हजर," ती हळूच म्हणाली.