नुसती उभी राहण्यासाठी ठेवलेली

“स्ट्रेचरवर बाटल्या! उद्या माणूस पडला तर त्याला काय सरबताच्या मांडीवर झोपवू?”

नर्सबाई माझ्या पोटात उभ्या राहून एकट्याच पुटपुटत होत्या. एकेक पेटी उचलून त्या मागच्या दारातून खाली ठेवत होत्या. ठेवत कसल्या, आदळतच होत्या. बाहेर उन्हात सरबत तापतं, म्हणून दर शर्यतीला कोणीतरी त्या पेट्या माझ्यात आणून ठेवी. माझी सावली चांगली आहे म्हणे.

मित्रांनो, मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. गावाबाहेर मोटारींच्या शर्यतीचं मातीचं मैदान आहे, त्याच्या फाटकापाशी मी उभी असते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळ्यांना पदर लावतात. मी लावणार नाही. एक तर मला पदर नाही, आणि दुसरं म्हणजे मला रडायचं नाहीये, भांडायचं आहे.

जन्माने मी साधी मालवाहू गाडी. एका पत्र्याच्या शेडमध्ये मला कापलं, छप्पर उंच केलं, आत बाक आणि कपाट बसवलं. रंगाऱ्याने माझ्या कपाळावर ‘रुग्णवाहिका’ हा शब्द उलटा लिहिला, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात तो सुलटा दिसावा. डबा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, “शाळा बुडवली की असं होतं!” तो हसत राहिला आणि उलटं लिहीत राहिला.

मग मी इस्पितळात लागले. काय ते दिवस! मी भोंगा वाजवला की रस्ता दुभंगायचा. माझ्यात माणसं विव्हळली, शिव्या घालून गेली, एकदा तर भर चौकात एक बाळ जन्मलं आणि त्याने माझ्यापेक्षा मोठा भोंगा काढला. मी दमत असे, पण निरुपयोगी कधी नव्हते. पुढे इस्पितळाला नवी गाडी मिळाली आणि मी या मैदानावर आले. मला आनंदच झाला. जिथे एवढा वेग, तिथे माझी गरज असणारच, असं वाटलं. भोळी होते मी.

इथला नियम असा. मैदानात रुग्णवाहिका उभी नसेल तर शर्यत चालवायची नाही. ती जखमी माणसाला घेऊन गेली की शर्यत थांबवायची, परत आली की सुरू करायची. नियम चांगलाच आहे. पण माणूस असा प्राणी आहे की तो सरळ भिंतीलाही दार पाडतो. पहिल्याच मोसमात एकाची गाडी कठड्यावर आदळली. शर्यतीचे आयोजक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते ओरडले, “रुग्णवाहिका हलवू नका, ती गेली तर शर्यत थांबेल! त्याला माझ्या जीपमध्ये घाला!” लोकांनी त्यांची पाठ थोपटली. काय ते प्रसंगावधान म्हणे! तेव्हापासून रीतच पडली. जखमी माणूस जीपमधून जाणार, आणि जखमींसाठी केलेली मी फाटकापाशी शोभेला उभी राहणार.

ऐकताना हसू येतं ना? तिथे कोणालाही येत नव्हतं.

तो पहिला जखमी आता तिकिटाच्या खिडकीत बसतो. त्याचा उजवा हात चहाचा कप धरत नाही. “अपघातात गेला बिचाऱ्याचा हात,” असं सगळे म्हणतात. जीपच्या मागच्या सीटवर मान लोंबकळत तो खड्ड्याखड्ड्यांतून गेला होता. हात अपघातात गेला की जीपमध्ये, हे कोणी विचारत नाही. तोही विचारत नाही. या मैदानावर हाड मोडल्याची लाज नसते, आपल्यामुळे शर्यत थांबल्याची असते.

माझं मात्र कौतुक चालू होतं. “बघा, इथे सोय किती उत्तम आहे,” असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवत. दर मोसमाला मला नवा रंग. आतून मात्र सगळा आनंदीआनंद. माझी बॅटरी काढून ध्वनिक्षेपकाला जोडत.

या मोसमात नर्सबाई आल्या आणि सगळ्यांची झोप उडाली. बॅटरी परत बसवल्याशिवाय त्यांनी फाटक उघडू दिलं नाही. प्रत्येक गाडीच्या खिडकीतून हात घालून त्या पट्टे ओढून पाहत, हेल्मेटचा बंद तपासत. पोरांनी त्यांना नाव ठेवलं सासूबाई. “सासूबाई आल्या रे, पट्टे आवळा!” त्यावर बाई म्हणायच्या, “जावई असतास तर कान धरून घरीच बसवला असता.” माझे चालक काका मिशीत हसायचे आणि माझं इंजिन गरम करून ठेवायचे.

आता त्या दुपारचं सांगते. पिवळी गाडी चालवणारा पोरगा एरवी वेल्डर. त्याची बायको कुंपणाला चिकटून बसलेली. कोपऱ्यावर दोन गाड्या घासल्या, पिवळी उलटली, कोलांटी खाऊन पुन्हा चाकांवर आली. झेंडेवाल्याने पिवळा झेंडा दाखवला. बाकीच्या गाड्या संथ फिरत राहिल्या. काकांनी किल्ली फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले, मित्रांनो! रीत नुसतं उभं राहायची होती; मी धावले.

बाईंनी मागून हात घालून वेल्डरचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

“मान हलवायची नाही. पाय हलतात?”

“हलतात. पण बोटांत मुंग्या आल्यात, सासूबाई.”

बाई हसल्या नाहीत; अशा मुंग्या मानेच्या दुखापतीच्या असू शकतात. मानेला कडक पट्टा लागला, पाठीखाली लांब फळी सरकली, चौघांनी त्याला अलगद बाहेर काढलं. तेवढ्यात जीप येऊन ठेपली.

“चला, पटकन घाला,” दादा म्हणाले.

“फळी जीपमध्ये मावत नाही, दादा.”

“मग बसवा त्याला! शुद्धीवर आहे की. थोड्याच फेऱ्या राहिल्यात.”

“बसतो मी, बाई,” वेल्डर खालून म्हणाला. “माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?”

“तू गप्प पड रे.”

त्याला माझ्या रिकाम्या स्ट्रेचरवर घेतलं. बाई आत चढल्या. काकांनी गिअर टाकला, तर दादा समोर येऊन माझ्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभे.

“काका, तुम्हाला माहीत आहे. ही गेली तर...”

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. झेंडेवाला झेंड्याची काठी न्याहाळू लागला. फळी धरलेले चौघे हातमोजे झटकू लागले. तिकिटाच्या खिडकीतला पळत आला होता, तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

मित्रांनो, मला रंग देऊ नका. माझ्याकडे बोट दाखवून माझी स्तुती करू नका. ज्याच्यासाठी मला केलं, ते करू द्या. धाडसी माणसाची मान काही वेगळ्या हाडाची नसते. ती जपायला कोणीतरी लागतं, आणि त्या वेळी वाट अडवायची नसते. माझं इंजिन गुरगुरत होतं. काकांनी ब्रेकवरचा पाय किंचित सैल केला. मी तसूभर पुढे सरले. दादा हटले नाहीत.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून वेल्डरची बायको आली. ओढणी तारेला अडकून फाटली होती.

“वहिनी, घाबरू नका,” दादा म्हणाले, “किरकोळ आहे.”

“ते नाही विचारलं मी. ही गाडी अडवली कशाला?”

झेंडेवाल्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

“अहो, सांगा ना. गेली तर काय होईल?”

“शर्यत थांबेल, वहिनी,” दादा माझ्या बॉनेटकडे पाहत म्हणाले.

तिने एकदा माझ्या उघड्या दारातून आत पाहिलं, एकदा त्या संथ फिरणाऱ्या गाड्यांकडे.

“मग थांबू द्या की शर्यत.”