जाईबाईंच्या खाटेखालचं यंत्र

जाईबाई दिवाळीनंतर गेल्या आणि खानावळीबरोबर त्यांच्या खाटेखालचं यंत्रही सुभद्राच्या वाट्याला आलं.

लालबागच्या चाळीत, तळमजल्याच्या दोन खोल्यांत जाईबाईंनी वीस वर्षं खानावळ चालवली. नवरा लवकर गेला. लढाईच्या दिवसांत लोक मुंबई सोडून जायला लागले, तेव्हा त्यांनी एकुलत्या मुलीला कुडाळला आजीकडे धाडलं आणि स्वतः मात्र चूल सोडून हलल्या नाहीत. सुभद्रा परत आली ती कापडगिरणीत माग चालवणाऱ्या रघुवीरशी लग्न ठरल्यावर. तेव्हापासून ती ते यंत्र बघत होती. पुरुषभर लांब, गोणपाटात गुंडाळलेलं. एका टोकाला इंजिनाचा जड गोळा आणि दोन मुठी, पुढे लांब पोलादी पट्टी, पट्टीभोवती साखळी आणि पार दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ. नाव नाही, नंबर नाही. नावाची पट्टी असावी तिथे नुसती चार भोकं.

विचारलं की आई म्हणायची, "असू दे गो. कुणाचं तरी ठेवणं आहे."

महिन्यातून एकदा ती ते ओढून बाहेर काढायची, घासलेटाच्या फडक्याने पुसायची, खोबरेलाचं बोट फिरवायची आणि परत आत सरकवायची.

छप्पन्नचा फेब्रुवारी होता. गोळीबाराला महिनाही झाला नव्हता. भिंतीवरच्या 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' या अक्षरांवर कुणी चुना फासला की दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उमटत. चाळीचाळींत झडती होणार अशी रोज नवी आवई उठायची.

"उद्या हवालदार आत शिरला आणि म्हणाला हे काय आहे, तर काय सांगशील?" रघुवीर म्हणाला. "मला तर ती तोफच वाटते."

वरच्या मजल्यावरचे बाबुराव गिरणीत फिटर होते. त्यांनी उकिडवं बसून, चष्मा पुसून पाहिलं. "पेट्रोलचं इंजिन आहे, एवढं नक्की. पाणी उपसायचं असेल. पण मग ही साखळी कशाला?" शेजारच्या कमलाबाईंचं म्हणणं, नारळ सोलायचं असणार.

"भंगारात देऊन टाकू," रघुवीर म्हणाला.

"देऊ. पण आधी कळू दे काय आहे ते. आईने इतकी वर्षं पुसलं, ते न विचारता टाकून देऊ?"

बाबुरावांनी साखळी तेवढी सोडवून दिली. दुपारची जेवणं आटोपल्यावर सुभद्राने ती फडक्यात बांधली आणि पिशवीत घालून बाहेर पडली. आधी एका सायकलवाल्याने मान हलवली, मग एका लोहाराने. लोहार म्हणाला, "दात आहेत याला. लाकडाच्या वखारीत विचारा." तशी ती रे रोडला चालत गेली. तिथे करवतींना धार लावणारा धोंडू म्हणून म्हातारा बसला होता. त्याने साखळी गुडघ्यावर पसरली आणि एकेका दातावरून अंगठा फिरवला.

"करवत आहे ही, बाई. इंजिनावर चालणारी. लढाईत आसामच्या रानात लष्कराने आणल्या होत्या. एका माणसाच्याने नाही चालत, दोघं लागतात. दोन टोकांना दोघं."

"मग नाव का नाही तिच्यावर?"

"लष्कराचा माल लिलावात काढला, तेव्हा पट्ट्या उपटून टाकल्या." तो बोलता बोलता थांबला. साखळी उजेडात धरून त्याने पुन्हा पाहिली. "याला कानस लावणारा डावखुरा होता. डावीकडचे दात बघा, कसे सरळ उतरलेत. असं काम मी एकाचंच बघितलंय. लवू मेस्त्री. माहीमला असतो आता, खाडीवर. होड्या दुरुस्त करतो."

दुसऱ्या दिवशी ती बसने माहीमला गेली. उलट्या घातलेल्या होडीच्या सावलीत पन्नाशीचा एक माणूस डाव्या हाताने रंधा मारत होता. तिने फडकं सोडून साखळी पुढे धरली.

लवू मेस्त्रींनी रंधा खाली ठेवला. साखळी हातात घेऊन तिच्या दातांकडे बघितलं. मग सुभद्राच्या तोंडाकडे.

"जाईबायचं चेडू तू?"

"हो."

"ती कशी आहे?"

सुभद्राला सांगावं लागलं. ते खाली वाळूत बसले. जवळच्या बायका सुकत घातलेली मासळी उलथत होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने त्यांनी साखळी नाकाशी नेली.

"खोबरेल?"

"दर महिन्याला लावायची. आधी घासलेटाने पुसून."

"दर महिन्याला," ते म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आसामातून परत आल्यावर ते जाईबाईंच्या खानावळीत जेवायला होते. करवत लिलावात घेतली होती. ती घेऊन गावी जायचं, लाकूडकापाचं काम धरायचं, असा बेत होता. एक दिवस त्यांनी जाईबाईंना विचारलं, माझ्याबरोबर येशील का, आपण लग्न करू.

"ती नको म्हणाली. मी रागाच्या भरात म्हटलं, मग हे यंत्र ठेव तूच, दोघांशिवाय ते चालत नाही, मला एकट्याला काय उपयोग? आणि निघून गेलो. नंतर माझीच मला लाज वाटली. परत गेलो नाही."

सुभद्राने विचारलं, "माझ्यामुळे नको म्हणाली का? माझं लग्न व्हायचं होतं म्हणून?"

"मीही तेच विचारलं होतं. ती हसली. म्हणाली, पोरीला कशाला मधे आणतोस? सकाळी उठून आज काय रांधायचं ते मी ठरवते, लवू. मला ते सोडायचं नाही." त्यांनी साखळी पुन्हा फडक्यात गुंडाळली. "तेव्हा मला पटलं नव्हतं."

पुढच्या रविवारी रघुवीरने हातगाडी आणली आणि दोघांनी यंत्र माहीमला नेलं. रघुवीर वाटभर कुरकुरला, पण लवू मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडला तशी बाह्या सरसावून शेजारी बसला. साफसफाईला तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी दोरी ओढता ओढता इंजिन खोकलं, गप्प झालं, आणि मग एकदम असं गरजलं की किनाऱ्यावरची कुत्री पळत सुटली.

सागाचा एक ओंडका तयारच होता. रघुवीर पुढच्या मुठीला हात घालायला वाकला, तेवढ्यात सुभद्राने पदर खोचला.

"मी धरते."

"तुला झेपेल का?" मेस्त्रींनी ओरडून विचारलं.

"तीस माणसांचं पीठ मळते मी, लवूकाका!"

करवत लाकडाला लागली. दोन्ही हातांतून खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या, तोंडावर ओला भुसा उडाला, आणि थोड्याच वेळात ओंडक्याचे दोन तुकडे होऊन वाळूत पडले. मेस्त्रींनी इंजिन बंद केलं. दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघून हसत होती.

"ही तुमचीच आहे," ती म्हणाली.

"नाही. मी तिला दिली होती."

शेवटी असं ठरलं, की चाळीत काही ती चालवता येणार नाही, तेव्हा राहू दे माहीमलाच. मोठा ओंडका आला की मेस्त्री निरोप धाडत. मग सुभद्रा दुपारची पंगत उठवून बसला उभी राही. कमलाबाई गॅलरीतून विचारत, "कुठे गं एवढ्या उन्हाची?"

"लाकूड कापायला," सुभद्रा सांगे.