काचेआडचा कॅमेरा

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर हसाल. माझा जन्म सत्त्याण्णव सालचा, आणि आता नव्व्याण्णव संपत आलं आहे. मित्रांनो, अडीच वर्षांचं पोर अजून बोबडं बोलतं. मला मात्र पहिलं वर्ष सरतं न सरतं तोच लोकांनी म्हातारा ठरवलं.

मी जपानमधल्या एका कारखान्यात तयार झालो. अंगानं विटेएवढा, आणि वजनालाही जवळपास तेवढाच. माझ्या पोटात रोल नसतो. कॉम्प्युटरमध्ये घालतात ती चपटी चौकोनी फ्लॉपी माझ्या कुशीतल्या फटीत सरकवायची आणि बटण दाबायचं. मग मी कर्र कर्र असा आवाज करत सात-आठ सेकंद फोटो पोटात घालत बसतो. घाईच्या माणसानं माझ्या वाटेला जाऊ नये. पण फोटो तिथल्या तिथं माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर दिसतो, आणि आवडला नाही तर पुसताही येतो. रोलच्या कॅमेऱ्याला हे सात जन्मांत जमायचं नाही. याच गुणाचा मला तेव्हा फार गर्व होता.

हैदराबादच्या एका जाहिरात कंपनीत मी वर्षभर राबलो. साड्या, कुकर, नवे बंगले, सगळ्यांचे फोटो काढले. सगळे म्हणायचे, काय चीज आहे! मग माझ्याहून हलका, माझ्याहून चपळ असा नवा कॅमेरा आला आणि साहेबांनी मला कपाटाच्या तळाशी टाकलं. माझं काहीही बिघडलेलं नव्हतं. भिंग स्वच्छ होतं, बॅटरी दोन तास टिकत होती. पण नवी नवरी घरात आली की जुन्या भांड्यांनासुद्धा नावं ठेवली जातात. त्याच कंपनीतला सुधाकर नावाचा कारकून मला मागून घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी निघाला.

गाव म्हणजे इचोडा. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचं, ट्रकच्या धुरात उठणारं आणि ट्रकच्या धुरात झोपणारं. तिथं सुधाकरचे काका, पांडुरंगराव, राहतात. ते शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सुधाकरनं मला त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. अर्धा तास त्यानं काकांना बटणं समजावून दिली. काका माना डोलावत होते आणि दर वाक्याला विसरत होते. दारात चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या पत्नी, जयवंताबाई, उभ्या होत्या. चहा गार झाला, पण त्यांनी एकही बटण नजरेतून चुकू दिलं नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पांडुरंगरावांनी मला बैठकीतल्या शोकेसमध्ये ठेवलं. लाकडी शोकेस, पुढं दोन सरकत्या काचा, मधोमध कुलूप. किल्ली त्यांच्या करगोट्याला. एका बाजूला चिनी मातीचे दोन ससे, दुसऱ्या बाजूला त्यांच्या निरोपसमारंभाचं पितळी मानचिन्ह, आणि मध्ये मी. रोज सकाळी ते काच पुसत आणि आलेल्या-गेलेल्याला बाहेरूनच दाखवत. तेलुगू बोलणारे पाहुणे विचारायचे, "रोल लेदा?", म्हणजे रोल नाही का? व्यापारी विचारायचे, "रोल किधर डालते?" आणि आपली माणसं म्हणायची, "रोल नाई तं फोटो कसा येते जी?" पांडुरंगराव छाती फुगवून सांगत, "तेच तं! हात नोका लावू, नाजूक वस्तू हाये. जपली तं नातवंडायले पुरंन."

मित्रांनो, माझं भिंग खोलीकडं तोंड करून होतं. मला सगळं दिसायचं. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, जयवंताबाई त्यात बसून ज्वारी निवडायच्या, धूळ वर उठायची. बाहेर कापसानं ठासून भरलेल्या गाड्या जायच्या. समोर ताट वाढलेलं असावं आणि हात बांधलेले असावेत, तसं माझं झालं होतं. अंधाऱ्या कपाटातसुद्धा मी इतका कोंडलो नव्हतो. तिथं निदान काही दिसत तरी नव्हतं. इथं मला कुणी टाकून दिलेलं नव्हतं, उलट डोक्यावर घेतलेलं होतं, म्हणून तक्रार तरी कोणत्या तोंडानं करायची?

सुटका झाली ती साफसफाईमुळं. पावसाळ्याच्या तोंडावर एका गुरुवारी जयवंताबाई शोकेस बाहेरून पुसत होत्या. पांडुरंगराव दर गुरुवारी बाजार करून मित्राच्या, चंपतरावांच्या, बियाण्याच्या दुकानात संध्याकाळपर्यंत बसतात. कडेची काच जरा वर उचलली गेली आणि खालच्या खाचेतून अलगद बाहेर आली. कुलूप होतं तिथंच लटकत राहिलं. जयवंताबाई काच हातात धरून बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि मला उचललं.

त्या दिवसापासून गुरुवारची दुपार आमची झाली. करंट असेल तेव्हा त्या माझी बॅटरी भरून घेत. त्यांनी काय काय टिपलं! असं म्हणतो खरं, पण मला ते आठवत नाही. पुसलेलं मला आठवत नाही, तो माझा स्वभावच. त्या सांगतात म्हणून कळतं. दोरीवरची धुतलेली पोती. कापूस वेचून आलेल्या बायकांच्या बोटांवरचे ओरखडे. चुलीपुढचा स्वतःचाच पाय. आधी वाकडे यायचे, हललेले यायचे. मग त्या श्वास रोखून धरायला शिकल्या. शिकवायला कुणी नव्हतं, पण पुसता येत असल्यामुळं चुकायची भीती नव्हती. चार वाजले की त्या एकेक फोटो शेवटचा पाहत आणि पुसत. सुधाकर मधूनमधून यायचा आणि मला सुरू करून बघायचा, म्हणून एकही ठेवायची सोय नव्हती.  माझी कर्र कर्र तेवढी ऐकू यायची.

आमचं गुपित ठाऊक होतं फक्त रेणुकाबाईंना. त्या पलीकडच्या घरातल्या. तीस वर्षांचा शेजार. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती. या डिसेंबरात रेणुकाबाईंचा मुलगा देवाजी कागजनगरला शाळामास्तर म्हणून लागला आणि आईला घेऊन जायचं ठरलं. रविवारी सकाळी सामानाचा टेम्पो निघायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी रेणुकाबाई आमच्याकडं आल्या.

"बस, तुहा फोटो काढतो," जयवंताबाई म्हणाल्या.

"नोको व. भाच्याच्या लग्नात उभी राह्यली होती, तं फोटोत अर्धा हात आला. मी काई फोटोत येत नाई."

"आज येशीन. अन् मीबी येईन."

त्यांनी मला ज्वारीच्या कोठीवर ठेवलं, खाली पाट सरकवला, आणि दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायचं बटण दाबलं. माझ्या तोंडावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जयवंताबाई धावत जाऊन मैत्रिणीशेजारी बसल्या.

"जळून राह्यलं का काय ते?" रेणुकाबाई म्हणाल्या, आणि जयवंताबाईंना हसू फुटलं. त्यांना हसताना पाहून रेणुकाबाईही हसल्या. त्याच क्षणी मी फोटो घेतला. मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात कुणाचा हात न लागता काढलेला तो एकच फोटो.

पडद्यावर रेणुकाबाईंनी आपलं तोंड बोटानं शोधलं. मग म्हणाल्या, "हा पुसू नोको. मले दे. तिथं परक्या गावात कोनाचं तोंड पाहू मी?"

"देतो. रविवारच्या आधी देतो," जयवंताबाईंनी शब्द दिला. आदिलाबादला स्टेशनजवळ कॉम्प्युटरचा एक क्लास निघाला होता, फ्लॉपी दिली की तिथं फोटो कागदावर छापून मिळतो, हे सुधाकर मागं बोलून गेला होता. जयवंताबाई फ्लॉपी काढणार, इतक्यात फाटकापाशी पांडुरंगरावांचा खोकला ऐकू आला. चंपतराव लग्नाला गेल्यामुळं दुकान बंद होतं. जयवंताबाईंनी मला घाईनं आत ठेवलं आणि काच खाचेत ढकलली. फ्लॉपी माझ्या पोटातच राहिली.

काच बोटभर तिरकी बसली होती. शुक्रवारी सकाळी पुसताना पांडुरंगरावांनी ते पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. चोर आला होता, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुपारपर्यंत सुतार आला. त्यानं काचेच्या वरच्या अंगाला लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे काच उचलायला जागाच राहू नये. चार खिळे. प्रत्येक ठोक्याला ससे हलत होते आणि मीही. जयवंताबाईंनी सुताराला चहा दिला. कप रिकामा झाला तरी त्या तिथून हलल्या नाहीत.

आता मी खरा कोंडलो होतो, आणि माझ्या पोटात त्या दोघी. शनिवार-रविवार दोन पावलांवर. जयवंताबाई कामाच्या निमित्तानं बैठकीत यायच्या, माझ्याकडं बघायच्या, परत जायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मी पाहणारा प्राणी, बोलणारा नव्हे.

संध्याकाळी पांडुरंगराव पट्टी हलवून बघत होते, तेव्हा त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"चोर नाई आला. काच मी काढत होती."

पांडुरंगराव वळले. "काऊन?"

"फोटो काढाले. दीड वर्स झालं. दर गुरवारी."

"कुठं हायेत फोटो?"

"पुसले. तुमी यायच्या आधी समदे पुसले. एकच हाये आत, माहा अन् रेणुकाबाईचा. तो तिले द्याचा हाये."

त्यांना कॅमेऱ्यापेक्षा फसवणूक जास्त लागली असावी. त्यांनी पट्टी पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग म्हणाले, "पडला असता तं? वस्तू वापरली का खराब होते. तुले समजत नाई."

"वापरून खराब होते म्हन्ता," जयवंताबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "मी न वापरता खराब होऊन राह्यली, ते दिसत नाई का तुमाले?"

पांडुरंगराव आत निघून गेले. 

शनिवारी सकाळी जयवंताबाईंनी स्वयंपाकघरातून लोखंडी उलथनं आणलं. पांडुरंगराव समोरच खुर्चीवर बसले होते. त्यांच्यादेखत जयवंताबाईंनी उलथनं पट्टीखाली घातलं आणि एकेक खिळा उचकटला. पहिल्या खिळ्याला पांडुरंगराव अर्धवट उठले. दुसऱ्याला परत बसले. काच निघाली. जयवंताबाईंनी मला टेबलावर ठेवलं, फ्लॉपी काढून रुमालात गुंडाळली, आणि पायांत चपला सरकवल्या.

"आदिलाबादले जातो."

"एकली?"

"एकली."

लग्न झाल्यापासून त्या एकट्या बसमध्ये चढल्या नव्हत्या. तासाभराचा रस्ता, पण एवढ्या वर्षांत तो त्यांनी कुणाच्या तरी मागं मागं जाऊनच केला होता.

तो दिवस मी आणि पांडुरंगरावांनी समोरासमोर काढला. त्यांनी मला परत शोकेसमध्ये ठेवलं नाही. दुपारी त्यांनी मला हळूच उचललं, इकडून तिकडून पाहिलं. दीड वर्ष ज्याचं कौतुक केलं, तो सुरू कुठून होतो हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी मला होतो तिथं ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. त्या माणसाचा मला राग येईना. त्यानं मला प्रेमानंच कोंडलं होतं.

दिवेलागणीला जयवंताबाई परतल्या. क्लासच्या मालकानं त्यांना हिंदीत विचारलं होतं, "किसने खींचा? इतने पुराने मॉडल से?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "मैंने." खरं म्हणजे तो फोटो माझा. पण असल्या गोष्टींत घरच्या घरी वाद घालू नये. त्यांनी दोन प्रती आणल्या होत्या. एक त्यांनी तशीच पलीकडच्या घरी नेऊन दिली. बऱ्याच वेळानं परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते.

दुसरी प्रत पांडुरंगरावांनी दिव्याखाली धरली. बायकोला असं हसताना त्यांनी कधी पाहिलं होतं की नव्हतं, कोण जाणे. ते त्या फोटोकडं पाहतच राहिले.

"बाकीचे असेच होते?" त्यांनी विचारलं.

"काई याच्याहून चांगले होते."

त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि पुढं केली. "घे. गुरवारच्या गुरवारी काढत जा. जपून."

जयवंताबाईंनी हात पुढं केला नाही. "वार मी ठरवीन," त्या म्हणाल्या.

 पांडुरंगरावांनी किल्ली टेबलावर, माझ्या शेजारी ठेवली.

मित्रांनो, वस्तू जपा, असं सगळेच तुम्हाला सांगतील. मीही सांगतो. पण जपणं म्हणजे कुलूप नव्हे. तुमच्या घरातही कुणी तरी काचेआड असेल. बाजाची पेटी असेल, शिलाईयंत्र असेल, नाही तर ट्रे घेऊन दारात उभं असलेलं माणूस असेल. ते जुनं झालं, असं ठरवायच्या आधी एकदा त्याला बाहेर काढून बघा. जे दीडशे फोटो पुसले गेले, ते आता कुणालाच परत आणता येणार नाहीत.

आज सोमवार आहे. ऊन चांगलं पडलं आहे. जयवंताबाईंनी नवी फ्लॉपी घातली आहे आणि मला गळ्यात अडकवून त्या फाटक उघडत आहेत.