दहाच्या खालचे ठिपके

आमच्या प्राणिसंग्रहालयातलं पाणमांजर एकदा पाणघोड्याएवढं होणार होतं. झालं नाही ते सोडा, पण होणार होतं हे साहेबांच्या खोलीत भिंतीवर रंगीत छापून लावलेलं होतं. मी तेव्हा फाटकावर तिकिटं फाडत असे. फाटकावरच्या माणसाला आतलं बाहेरचं सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते तो मनाने भरून काढतो. यात भरीचं किती, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पाणमांजराचं नाव गुंडी. डोळे कोटाच्या गुंड्यांसारखे, म्हणून. तिला सांभाळणारा पैलवान, माझा जुना मित्र. तरुणपणी कुस्ती खेळायचा. कुस्ती कधीच सुटली, भूक मात्र इमानदार निघाली. तो बाकावर बसला की बाकाच्या दुसऱ्या टोकावरचा माणूस उभा राहायचा. शिष्टाचार म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

गुंडीचं वजन रोज सकाळी व्हायचं. पाणमांजर काट्यावर एकटं बसेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाणमांजर पाहिलेलं नाही. ओल्या साबणाला चार पाय फुटले की जे होईल, ते पाणमांजर. म्हणून आमची पद्धत अशी: सांभाळणाऱ्याने तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि दोघांचा मिळून आकडा कॉम्प्युटरला द्यायचा. त्यातून माणसाचं वजन कॉम्प्युटर वजा करायचा, उरलं ते गुंडीचं. रविवारी पैलवानाची सुट्टी. त्या दिवशी काडी नावाचा दुसरा एक जण तिला उचलायचा. काडी इतका किडकिडीत, की वारा सुटला की आम्ही त्याला कुंपणाला हात धरून चालायला सांगायचो. गुंडी त्याचा कान चावायची, पण कडेवर यायची.

आकडे सांभाळायला कचेरीत पैलवानाचीच सून होती. हुशार पोरगी. लॅपटॉपवर चार ओळी लिहायची की आकड्यांचा आलेख तयार. आणि गुंडीचा आलेख वर चालला होता, शिडी लावल्यासारखा. साहेबांनी पट्टी घेऊन ती रेघ पुढे वाढवली, तेव्हा ती कागद संपून भिंतीवर गेली. भिंतीवर साहेब स्टुलावर चढून खडूने ती छतापर्यंत घेऊन गेले, असं शिपाई सांगतो.

"हाच वेग राहिला तर दोन वर्षांत पाणघोडा," साहेब म्हणाले. "तळं पुरणार नाही. मासे निम्मे करा."

पैलवान त्यांच्या खोलीत गेला. "साहेब, ती उपाशी राहते. रिकामी बादली चाटते."

"तुमची माया आहे, पैलवान. माया दिसते तेवढंच बघते. मी आलेख बघतो."

मासे निम्मे झाले. गुंडी तळ्याच्या काठावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडे बघायला लागली. आणि पैलवानाचा घास घशाखाली उतरेना. लेकरू अर्ध्या पोटी आणि मी भरल्या ताटावर, हे कसं व्हायचं, म्हणून तोही निम्मं जेवायला लागला. मग निम्म्याचं निम्मं. पट्ट्याला नवी भोकं पाडताना चांभार मला म्हणाला, "आता पट्टा संपला, दुसरं कातडं आणा."

आणि काय आश्चर्य, महिनाभरात आलेख खाली आला. साहेब इतके खूश झाले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. "उपाय लागू पडला. सोमवारपासून मासे पाव करू. शनिवारी समिती येतेय, तिला हाच आलेख मोठा करून दाखवायचा."

पाव म्हणजे काय, ते गुंडीच्या बरगड्यांकडे पाहून आम्हाला कळत होतं. पण बरगड्या आलेखात नव्हत्या.

शुक्रवारी दुपारी सून फाटकावर आली. "काका, वाचनालयात टाचणीबाई बसतात ना, त्यांच्याकडे येता का माझ्याबरोबर? एकटीला भीती वाटते."

टाचणीबाई संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वाचनालयाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून, ज्याचा कोड अडेल त्याला फुकट मदत करायच्या. टेबलावर पाटी होती: "अख्खी फाईल आणू नये. दुखणं दिसेल एवढाच तुकडा आणावा." पाटी वाचूनही लोक अख्खी फाईल आणायचे, आणि बाईंच्या जिभेची टाचणी लागली की कोपऱ्यात बसून कापायला लागायचे. कापता कापता निम्म्या लोकांना आपली चूक आपणच सापडायची, आणि ते मागच्या दाराने गुपचूप घरी जायचे.

सुनेने लॅपटॉप उघडला. "बाई, एकच छोटं काम आहे. आलेख काढला की दर वेळी खाली एक लाल ओळ येते, 'इतक्या नोंदी वगळल्या' म्हणून. उद्या समितीपुढे पडद्यावर ती बरी दिसत नाही. ती बंद कशी करायची?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "घरात धुराची घंटा वाजली की तू काय करतेस? घंटेत कापूस कोंबतेस?"

सुनेने लॅपटॉप जरा आपल्याकडे ओढून घेतला.

"किती वर्षांची फाईल आहे?"

"सगळीच. पाच-सहा वर्षांची."

"पाटी वाचलीस?"

"वाचली, पण म्हटलं, जरा..."

"जरा त्या कोपऱ्यात बस आणि काप. लाल ओळ राहिली पाहिजे, बाकी सगळं गेलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही कोण? तुमचा काय बिघाड?"

"मी सोबत आलोय."

"मग सोबत गप्प बसा."

आम्ही कोपऱ्यात गेलो. सुनेने आधी पाण्याचं तापमान काढून टाकलं. लाल ओळ तशीच. पाऊस, आर्द्रता, माशांची जात सगळं काढलं. तशीच. मग वर्षं कापायला लागली. एक वर्ष ठेवलं, लाल ओळ होतीच. एक महिना ठेवला, होतीच. शेवटी पंधरवडाच उरला, एवढासा, बोटभर. आणि लाल ओळ म्हणाली: दोन नोंदी वगळल्या.

"आता दोनच आहेत, तर कुठल्या त्या बघू," सून म्हणाली आणि ओळी वाचायला लागली. मग थांबली. "काका, दोन्ही रविवार आहेत."

आम्ही तुकडा घेऊन बाईंकडे गेलो. बाईंनी तो असा पाहिला, जसा सोनार दागिना पाहतो. "हं. आता कसं. आलेखाची खालची कड किती ठेवलीस?"

"दहा किलो. साहेब म्हणाले, पाणमांजर दहाच्या खाली जाणारच नाही, खालची जागा कशाला वाया घालवायची? आणि चढ जरा उठून दिसतो."

"म्हणजे तू दहावर जमीन घातलीस. जमिनीखाली जे होतं ते प्रोग्रामने उचलून बाहेर ठेवलं, आणि तसं तुला इमानेइतबारे सांगितलंही. तू त्याचं तोंड बंद करायला आलीस. काढ ती जमीन."

सुनेने ती ओळ पुसली. चित्र पुन्हा उमटलं. वरचे ठिपके होते तिथेच होते, पण खूप खाली, एकटे, दोन ठिपके दिसायला लागले.

"आता सगळी वर्षं घे," बाई म्हणाल्या. "रेघा नकोत, नुसते ठिपके. आणि ज्याने वजन केलं त्याप्रमाणे रंग दे."

स्क्रीनवर दोन रंग उमटले. वर लाल ठिपक्यांची शिडी, चढत गेलेली आणि शेवटी घसरलेली. खाली निळ्या ठिपक्यांची रांग, वर्षानुवर्षं सपाट, जणू कुणी दोरी ताणून लावलीय.

"ही खालची दुसरी गुंडी कोण?" मी विचारलं.

"दुसरी नाही, काका." सुनेचा आवाज बारीक झाला. "निळे ते काडीचे. लाल ते बाबांचे."

पाणमांजर शनिवारी एवढं, रविवारी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं आणि सोमवारी परत तेवढं, असं तर होत नाही. मग फुगतंय कोण, हे विचारायची गरज राहिली नाही. बाईंनी तरी विचारलं, "या बाबांचं वजन कॉम्प्युटरला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. विचारलं होतं तेव्हा."

"कधी विचारलं होतं?"

"माझं लग्न व्हायच्या आधी."

मी मध्ये पडलो. "मी होतो तिथे. त्याने तेव्हा त्याच्या लग्नातलं सांगितलं होतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी बोट निळ्या रांगेच्या शेवटाला टेकवलं. तिथे शेवटचे चार ठिपके सपाट नव्हते. एकेक पायरी खाली उतरत होते. "ही खरी वाळतेय," त्या म्हणाल्या. "लाल रंग उतरतोय तो माणसाचा. निळा उतरतोय तो जनावराचा."

सुनेने लॅपटॉप अर्धा मिटला. मग म्हणाली, "बाई, हे साहेबांना दाखवायचं म्हणजे सासऱ्यांचं वजन भर समितीत सांगायचं. त्यांनी तो आकडा अजून आईंनासुद्धा सांगितलेला नाही. यावर काही उपाय?"

"कोडमध्ये नाही," बाई म्हणाल्या. "घरी जा."

घरी मीही गेलो; असल्या वेळी मला बोलवावं लागत नाही. पैलवान ताटात अर्धी पोळी घेऊन बसला होता आणि तिच्याकडेही संशयाने बघत होता. सुनेने लॅपटॉप त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं, अडखळत, मान खाली घालून.

"वजन कमी भरावं म्हणून काडी खिशांनाही भोकं पाडून फिरतो," पैलवान म्हणाला. "त्याचाच आकडा खोटा."

"काडीचा खोटा असता तर तो वर्षानुवर्षं एकाच जागी राहिला असता का, बाबा?"

"मग काटा खोटा."

स्वयंपाकघरातून त्याची बायको बाहेर आली. तिने हातातला झारा खाली ठेवलाच नाही. "लग्नातलं सांगितलंत? लग्नातल्या तुमच्या सदऱ्याचा मी परवा उशीला अभ्रा केला. उशीलाही घट्ट होतो."

"तू गप्प बस."

"पस्तीस वर्षं गप्प आहे. म्हणून तर इतके वाढलात."

सून हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर मी लाल ओळ झाकून आलेख देईन. पण सोमवारपासून तिला पाव मासे." आणि तिने स्क्रीनवरचे ते चार निळे ठिपके मोठे केले.

पैलवानाने हात पुढे केला. एवढा मोठा माणूस, पण ठिपक्यांवरून बोट फिरवताना बोट असं अलगद, जणू ते ओले आहेत. मग त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "उद्या समिती किती वाजता बसते?"

शनिवारी समिती आली. सगळे कोटवाले, सगळे गंभीर. साहेबांनी पडदा लावला, सुनेने दोन रंगांचा आलेख टाकला आणि साहेबांचा चेहरा तिसऱ्याच रंगाचा झाला. ती समजावून सांगायला लागणार, तेवढ्यात दार उघडून पैलवान काटा ओढत आत आला. मागून काडी, कडेवर गुंडी, कान गुंडीच्या तोंडात.

"कोण फुगलं ते पोरीला सांगायला लावू नका," पैलवान म्हणाला. "मी उभा राहतो. पण अट आहे. आकडा फक्त सूनबाई वाचेल. बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"पैलवान, ही समिती आहे," साहेब म्हणाले.

"मग समितीने भिंतीकडे तोंड करावं."

समितीच्या अध्यक्षबाई आधी वळल्या. त्यांच्यामागे एकेक कोट वळला. साहेब शेवटचे वळले. काडी वळताना हळूच मान मागे करायला गेला, तर गुंडीने कान ओढून त्याची मान सरळ केली. हे मी स्वतः पाहिलंय, कारण मीही भिंतीकडेच तोंड करून होतो.

काटा कुरकुरला. मग खोलीत असा आवाज आला, जसा घरातली जड पेटी हलवताना येतो. सुनेने आकडा पाहिला आणि लॅपटॉपवर लिहिला.

"किती?" साहेबांनी भिंतीला विचारलं.

"पुरेसं आहे, साहेब," सून म्हणाली. "आता वळा."

पडद्यावर एक लाल ठिपका निळ्यांच्या शेजारी येऊन बसला होता. जुन्या दिवसांचं पैलवानाचं वजन कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिने फक्त त्या सकाळचा ठिपका ठेवला होता, काडीच्या ठिपक्याला चिकटून, तळाशी. अध्यक्षबाईंनी जवळ जाऊन पाहिला.

"ही एवढीच आहे?" त्यांनी काडीच्या कडेवरच्या गुंडीकडे वळून विचारलं.

"एवढीच," पैलवान म्हणाला. "मासे आणा."

साहेबांनी समितीची परवानगी विचारायला तोंड उघडलं, पण अध्यक्षबाईंनी आधीच शिपायाला बादलीसाठी पिटाळलं होतं. बादली आली. गुंडी काडीच्या कानावरून उडी मारून थेट आत गेली, शेपटी तेवढी बाहेर. समितीचे तीन कोट भिजले. पैलवान बादलीशेजारी जमिनीवर बसला आणि सुनेला म्हणाला, "घरी फोन कर. सासूबाईंना सांग, आज पोळ्या मोजू नकोस म्हणावं."