गॅरेजातली शेगडी

आईचं दफन उद्या दुपारी होतं. त्यानंतर जमलेल्यांना द्यायच्या कॉफीला धुरावलेल्या मटणाबरोबर आईच्या पद्धतीच्याच भाकऱ्या असायला हव्यात, असं स्वालानं मनाशी धरलं होतं. गावातल्या प्रत्येक मयताच्या कॉफीला त्या आईनंच भाजल्या होत्या. तिच्याच वेळी दुकानातल्या कशा वाढायच्या?

राय धान्याचं पीठ उकळत्या पाण्यात मळून झालं होतं. स्वालानं भाकरी लाटली, वर ताटली ठेवून गोल कापली, जेवणाच्या काट्यानं टोचली आणि विजेच्या शेगडीवर टाकली. गुळगुळीत काचेची शेगडी. मागच्या वर्षी तिनंच आईसाठी रेक्याविकहून आणलेली. ही भाकरी तव्यावर भाजत नाहीत, थेट तापलेल्या लोखंडी चकतीवर भाजतात. काचेवर पीठ जळालं, भाकरी चिकटली आणि आत कच्चीच राहिली. दुसरीचंही तेच. तिसरीला हात उचलेना. किती रात्री नीट झोप नव्हती कोण जाणे. ती स्टुलावर बसून राहिली.

शेजारची लौगामावशी कॉफीचा कप घेऊन आली. तिनं काचेकडे पाहिलं.

"खरवडत बसू नकोस. पीठ घे आणि माझ्या गॅरेजात चल. तुमची जुनी चकत्यांची शेगडी तिथंच आहे."

"ती तर आईनं भंगारात दिली होती."

"ती कसली देतेय! सगळा हिवाळा माझ्याकडे येऊन भाजत होती. तुला सांगायचं नाही, अशी तंबी होती मला. पोरीनं हौसेनं नवी आणलीय, म्हणायची."

स्वाला पिठाचं भांडं उचलता उचलता सांगू लागली. नाताळात आईच्या लोकरी स्वेटरला धुराचा वास येत होता. या वयात पुन्हा सिगारेट सुरू केलीस का, म्हणून तिनं आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं. आईनं मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं आणि सोडते म्हणाली होती.

हे ऐकून मावशीला हसू आवरेना. माझ्या सिगारेटीवरून मात्र तुझी आई रोज टोमणे मारायची, म्हणाली.

गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून त्यांनी शेगडी लावली. चकती लाल झाली. भाकरीवर काळे डाग उठले, धूर डोळ्यांत गेला. मावशी एकेक भाकरी थंड पाण्यात बुडवून ओल्या फडक्याखाली रचू लागली. स्वालाचे खांदे भरून आले होते, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

"उद्या चर्चमध्ये अंगातला हा स्वेटर घालू नकोस," मावशी म्हणाली. "वास मारेल."

स्वालानं बाही नाकाशी नेली.

"मारू दे," ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.