साखळी : डोमाजी

राजापेठेतल्या आमच्या ऑफिसात रस्त्यांचे जुने नकाशे स्कॅन होतात. मग ते आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे, म्हणजे आजोबांच्या काळातला रस्ता कुणालाही मोबाइलवर आपल्या गावाजवळून जाताना दिसतो. त्यासाठी दोन्हीकडे सापडणारी ठिकाणं हेरून पिना टोचायच्या. पूल, विहीर, देऊळ. पिना नीट पडल्या की नकाशा आपसूक जागेवर बसतो.

नकाशांच्या एका गठ्ठ्यात माझ्या बाबांनी काढलेला नकाशा निघाला, तेव्हा मी ऑफिसभर तो मिरवत सुटले. चांदूर बाजार ते अंजनगाव सुर्जी, तांबड्या शाईतला रस्ता, आणि कोपऱ्यात बाबांचं टपोरं अक्षर. 'मोजणी : रविकांत. साखळी : डोमाजी.' मोजणीची साखळी ओढणाऱ्या मजुराचं नाव कुणी नकाशावर घालतं का, म्हणून बाबांचे साहेब तेव्हा ओरडले होते. बाबांनी ते खोडलं नाही. डोमाजीकाका होते तोवर, ते घरी आले की बाबा स्वतः उठून चहा टाकायचे, आणि एरवी त्यांना चहापत्तीचा डबासुद्धा सापडत नसे.

नेमका हाच नकाशा बसेना. मधलं एक गाव धरलं की चांदूर बाजार सरकायचं, चांदूर बाजार धरलं की ते गाव नाल्यात पडायचं. पुष्कर आमचा प्रमुख. माणूस वाईट नाही, पण संगणक म्हणेल ती पूर्व दिशा.

"मैथिलीताई, मोजणीच चुकलीये," तो म्हणाला. "खाली 'अविश्वसनीय' असा शेरा टाकू आणि पुढे जाऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यानं शेरा टाकलासुद्धा.

रात्री जेवताना बाबांनी विचारलंच, "बसला काय आपला नकाशा?"

"नाही बाबा. एखाद वेळी साखळी घसरली असेल."

"डोमाजीच्या हातून?" बाबा कडाडले. मग आवाज उतरला. "नाही. मीच चुकलो असंन. पन त्याचं नाव दुसऱ्या कोनत्याच कागदावर नाही पोरी. ते मी चुकीच्या कागदावर काहून टाकलं?"

त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही ते धड जेवले नाहीत. मला ते पाहवेना.

रविवारी मी त्यांना गाडीत घालून त्या मधल्या गावी गेले. वेशीवर मारोतीचं देऊळ, समोर डांबरी रस्ता. बाबा देवळाला वळसा घालून आले आणि गोंधळले. "विहीर कुठाय? मी न् डोमाजीनं मारोतीच्या पाठीशी, विहिरीवर भाकर खाल्ली होती."

पारावर बसलेले नत्थुजी हसले. "बाबूजी, ते जुन्या जागची गोठ. नवा रस्ता झाला, गावाची वेस इकडं आली, तं मारोतीलेबी वाजतगाजत इकडं आनलं. वेशीवर राखन कोन करंन मंग?"

मला हसू आलं आणि रडूही. 'झाड पडतं, विहीर बुजते, देऊळ हलत नाही,' हे मला बाबांनीच शिकवलेलं. म्हणून पहिली पीन मी मारोतीवरच टोचली होती, सगळ्यात भरवशाची म्हणून!

नत्थुजींनी आम्हाला आपल्या शेतात नेलं. नांगरलेल्या काळ्या रानाच्या मधोमध एक निंब, त्याच्याखाली शेंदराचा डाग पडलेला दगड आणि चार हात गवत. मागे बुजलेली विहीर.

"देव उठला तरी त्याची जागा आमी नांगरत नाही," नत्थुजी म्हणाले.

बाबांनी चपला काढल्या. विहिरीच्या काठावर ते जाऊन बसले. मी मोबाइलवर त्या जागेची नोंद घेतली.

सोमवारी बाबा माझ्याबरोबर ऑफिसात आले. मी मारोतीची पीन उचलली आणि निंबाखाली टोचली. नकाशा हलला. नाल्यावर नाला आला, पुलावर पूल, चांदूर बाजार जागच्या जागी. काळ्या रानातल्या हिरव्या ठिपक्यावर बाबांनी काढलेली देवळाची खूण बरोबर येऊन बसली. पुष्करनं न सांगता शेरा पुसला आणि बाबांना आपली खुर्ची दिली.

बाबा बसले नाहीत. पडद्याजवळ वाकून त्यांनी कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं.

"डोमाजी, बसला बरं आपला रस्ता," ते म्हणाले. "चाल आता, भाकर खाऊन घेऊ."